नाखवा आणि नाखुदा

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर सीमेजवळ, पैनगंगेच्या अलीकडे, हिमायतनगर नांवाचें गांव आहे. मुदखेडाहून आदिलाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचें स्टेशन लागतें. गांवाचें जुनें नांव वाढोणा. परमेश्वराच्या देवालयामुळें तें नांव अजूनही लोकांच्या तोंडीं आहे. येथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेनें पांचशें किलोमीटरांच्या आसपास दूर आहे, आणि पूर्वेचाही जवळजवळ तितकाच. म्हणजे दोन्ही समुद्रांपासून सारखेंच अंतर राखून वसलेलें हें गांव आहे. जहाजावरील एका शब्दाची कुळकथा सांगावयास असें ठिकाण निवडणें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु शब्दांचा प्रवास माणसांच्या प्रवासाबरोबर होतो. आणि माणसें बंदरांत उतरलीं म्हणजे तेथेंच थांबत नाहींत, घाट चढून दूरवर जातात. ज्या शब्दाची ही कथा आहे तो शब्द मराठी मुलुखांत दोन रूपांनीं आणि दोन वाटांनीं आला. किनाऱ्यावर तो 'नाखवा' झाला, आणि देशावर, विशेषतः मराठवाड्यांत, 'नाखुदा' या रूपानें राहिला.

कोंकणच्या किनाऱ्यावर नाखवा म्हणजे गलबताचा मुख्य. मोल्सवर्थच्या मराठी कोशांत हा शब्द नोंदलेला असून त्या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. कोळीवाड्यांत तर हा शब्द केवळ अधिकाराचा राहिला नाहीं. ज्याच्या मालकीची होडी, ज्याच्या शब्दानें चार माणसें समुद्रावर जातात, अशा वडीलधाऱ्या माणसास आदरानें 'नाखवा' म्हणून हाक मारतात. कोळीगीतांतून तर हा शब्द इतक्या वेळां कानीं पडतो कीं, ज्यानें समुद्र कधीं डोळ्यांनीं पाहिला नाहीं त्यालाही तो परका वाटत नाहीं. नाखवा आणि नाखुदा हीं आडनांवेंही किनाऱ्यावरील कुटुंबांत आढळतात. पूर्वजांचा धंदा पुढें आडनांव होऊन बसतो, त्यांतलाच हा प्रकार होय.

मराठवाड्याची गोष्ट निराळी. तेथें गोदावरीच्या काठीं नाव आहे, नावाडी आहे, भोई आहे. नांदेडास नावघाटही आहे. पण समुद्रावरचा नाखवा तेथें येण्याचें कारण नाहीं. तेथें आला तो नाखुदा, आणि तो पुस्तकांतून आला. निजामाच्या राज्यांत दरबारची भाषा प्रथम फारसी व नंतर उर्दू होती. १९१८ सालीं हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणही उर्दूंतून दिलें जात असे. त्यामुळें १९४८ पूर्वीं शिकलेल्या मराठवाड्यांतील गृहस्थास उर्दू काव्याचा थोडाबहुत परिचय असे. त्या काव्यांत वादळ, नौका, किनारा आणि नाखुदा ही जोडगोळी पदोपदीं भेटते. कोंकणांतील माणसाला नाखवा म्हणजे ओल्या दोराला हात घालणारा जिवंत माणूस. मराठवाड्यांतील वाचकाला नाखुदा म्हणजे संकटांत तारणारा किंवा ऐन वेळीं दगा देणारा, अशी कविकल्पना. शब्द एकच, एकाला खाऱ्या पाण्याचा वास, दुसऱ्याला शाईचा.

आतां या शब्दाची फोड पाहावी. तो मूळचा फारसी. त्याचे अवयव दोन : 'नाव' आणि 'खुदा'. नाव म्हणजे होडी, जहाज. खुदा म्हणजे धनी, स्वामी. नावखुदा याचा नाखुदा झाला, आणि इराणांतील इस्लामपूर्व काळच्या पहलवी भाषेंतही याच घडणीचा शब्द होता. ही फोड आजच्या भाषापंडितांनींच प्रथम काढली असें मात्र नव्हे. अकबराच्या दरबारांतील अबुल फजल यानें 'आईन-इ-अकबरी'मध्यें जहाजावरील नोकरवर्गाचें वर्णन करतांना, नाखुदा हें नावखुदाचें संक्षिप्त रूप होय, असें स्पष्ट सांगितलें आहे. पुढें नाखुदांतील दकार झिजला, उकाराच्या ठिकाणीं वकार आला, आणि नाखवा हें रूप तयार झालें. समुद्रावर वाऱ्याच्या आवाजांत ओरडून बोलावयाचें असतें. तेथें लांब शब्द घासून आटोपशीर व्हावे यांत नवल नाहीं.

यांतील 'खुदा' या अवयवाविषयीं थोडा खुलासा हवा. आज खुदा म्हटलें कीं ईश्वर एवढाच अर्थ मनांत येतो. त्यामुळें नाखुदा म्हणजे नौकेचा देव, अशी समजूत होण्याचा संभव आहे. वस्तुतः खुदा याचा जुना अर्थ धनी, राजा असा आहे. सासानी राजांच्या इतिहासग्रंथाचें नांव 'खुदाईनामा' असें होतें. त्याचा अर्थ राजांची बखर. 'कद' म्हणजे घर, म्हणून 'कदखुदा' म्हणजे घरधनी. इराणांत पुढें गांवच्या मुख्यासही, म्हणजे आपल्याकडील पाटलासारख्या माणसासही, कदखुदा म्हणूं लागले. 'देह' म्हणजे गांव, म्हणून 'देहखुदा' म्हणजे गांवचा धनी. घराचा धनी कदखुदा, गांवाचा धनी देहखुदा, तसा नावेचा धनी नाखुदा. यांत देवत्वाचा भाग नाहीं; मालकीचा व जबाबदारीचा आहे.

उर्दू कवींनीं मात्र या साम्याचा पुष्कळ उपयोग करून घेतला. एका बाजूस खुदा, दुसऱ्या बाजूस नाखुदा. एकानें वादळ धाडावें, दुसऱ्यानें नाव हांकावी. 'ना' हा फारसींत नकारही असल्यामुळें, नाखुदा म्हणजे जो खुदा नव्हे तो, असा श्लेष सहज साधतो. माणसानें भरंवसा कोणावर ठेवावा, नौका हांकणाऱ्यावर कीं नौका व समुद्र दोन्ही निर्माण करणाऱ्यावर, हा प्रश्न त्या एका श्लेषांत गोठविलेला असतो. व्युत्पत्ति म्हणून ही फोड खोटी आहे. पण ती शेंकडों वर्षें रसिकांच्या मनांत नांदत आली आहे, आणि खोटी व्युत्पत्तिसुद्धां शब्दाला खरा अर्थ देऊन जाते, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

येथें एका जुन्या वादाचा संबंध येतो. मराठींतील फारसी-अरबी शब्द काढून टाकावे कीं ठेवावे, याविषयीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणांत महाराष्ट्रांत मोठी चर्चा झाली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली. १९२५ सालीं 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध करणारे माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवि माधव जूलियन, हेही पुढें त्या मताचे पुरस्कर्ते झाले. त्या वादाचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. परंतु नाखवा हा शब्द परका ठरवून बाहेर काढावयाचा असेल, तर त्याच्या दोन्ही अवयवांची चौकशी करणें न्यायाचें होईल. पहिला अवयव 'नाव'. संस्कृतांतील 'नौ', मराठींतील 'नाव', फारसींतील 'नाव' आणि लॅटिनमधील 'नाविस' हीं एकाच घराण्यांतलीं भावंडें आहेत. इराणांत आजही लढाऊ जहाजास 'नाव' म्हणतात. दुसरा अवयव 'खुदा'. संस्कृतांत जेथें 'स्व' येतें तेथें फारसींत पुष्कळदां 'ख्व' येतें : स्वप्न आणि ख्वाब, स्वसृ म्हणजे बहीण आणि ख्वाहर. 'स्व' याचेंच फारसी रूप 'खुद'. मराठींत तो शब्द 'खुद्द' म्हणून घरोघर वापरला जातो. खुदा या शब्दाचा आरंभही याच 'स्व'पासून मानतात, आणि स्वतःच्या सामर्थ्यानें अधिकार चालविणारा तो खुदा, असा त्याचा मूळ अर्थ लावतात. म्हणजे नाखवा हा परका पाहुणा दिसत असला, तरी त्याचें गोत्र विचारतां तो दूरचा नातलगच निघतो. हिमायतनगर या नांवांत अरबी 'हिमायत', म्हणजे संरक्षण, आणि संस्कृत 'नगर' यांचा सांधा तरी डोळ्यांना दिसतो. नाखव्याचा सांधा इतका जुना आहे कीं तो दिसतही नाहीं.

हा नातलग आपल्या किनाऱ्यावर केव्हां आला? अरब व इराणी व्यापारी दहाव्या शतकांत आजच्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चांगलेच स्थिरावले होते. अल् मसूदी हा प्रवासी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या सुमारास 'सैमूर', म्हणजे चौल येथें आला. तेथें सुमारें दहा हजार मुसलमान राहत असल्याचें व त्यांचा मुख्य 'हुनरमन' या नांवानें ओळखला जात असल्याचें त्यानें लिहून ठेविलें आहे. डहाणूजवळील चिंचणी येथें सांपडलेल्या शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटावरून असें दिसतें कीं, राष्ट्रकूट राजाच्या वतीनें संजाण प्रांताचा कारभार मधुमति नांवाचा एक 'ताजिक', म्हणजे अरब, अधिकारी पाहत असे, आणि त्यानें लोकांसाठीं नदी ओलांडण्यास विनामूल्य नावा ठेविल्या होत्या. त्याच शतकांत बुजुर्ग इब्न शहरियार यानें दर्यावर्दी लोकांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकतींचा 'अजाइब-उल्-हिंद' हा ग्रंथ रचिला. ग्रंथकार स्वतः नाखुदा म्हणून ओळखला जात असे. त्याच्या हकीकतींत सैमूर आणि ठाणें हीं नांवें वारंवार येतात. तेव्हां नाखुदा हा शब्द आपल्या बंदरांत त्या काळीं ऐकूं येत असला पाहिजे, हें अनुमान वावगें होणार नाहीं.

दगडावर कोरलेला पुरावा पाहावयाचा तर थोडें उत्तरेस, सौराष्ट्रांत जावें लागतें. सोमनाथ पाटणजवळ वेरावळ येथें इ. स. १२६४ चा एक प्रसिद्ध शिलालेख आहे. होर्मुजचा नाखुदा नुरुद्दीन फिरोज यानें वाघेला राजा अर्जुनदेव याच्या कारकीर्दींत तेथें मशीद बांधली, व तिच्या खर्चासाठीं जमीन व उत्पन्न लावून दिलें, त्याची ही नोंद. हकीकत संस्कृत आणि अरबी अशा दोन भाषांत कोरली आहे. संस्कृत लेखांत हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह असे चार संवत् दिले आहेत, आणि नुरुद्दीनाच्या नांवामागें 'नाखू' असें संक्षिप्त पद आहे. एखाद्या परभाषेंतील पदवीचा संक्षेप करून ती संस्कृत लेखांत घालावी, याचा अर्थ ती पदवी वाचणाराला तत्काळ कळत होती. आज डॉक्टर या शब्दाचें एक अक्षर लिहून पुढें टिंब दिलें तरी पुरतें, तशीच ती गोष्ट.

पण त्या नुरुद्दीनाचा हात सुकाणूवर होता काय? बहुधा नव्हता, तो मोठा धनवान व्यापारी होता. पश्चिम किनाऱ्यावरील संस्कृत लेखांत अशा माणसास 'नौवित्तक' म्हणत. नौका हेंच ज्याचें वित्त, तो नौवित्तक. नाखुदा या शब्दांतही पुष्कळ काळ हाच अर्थ प्रधान होता. जहाजाचा मालक, किंवा मालकाच्या वतीनें मालाची व प्रवासाची सर्व जबाबदारी घेणारा, तो नाखुदा. जहाज कोठें न्यावयाचें हें तो ठरवी. कसें न्यावयाचें हें दुसराच कोणी पाही. 'आईन-इ-अकबरी'नें ही विभागणी नीट सांगितली आहे. तेथें जहाजावरील लोकांचे बारा वर्ग दिले आहेत. नाखुदा हा जहाजाचा धनी; तो मार्ग ठरवितो. दुसरा 'मुअल्लिम', त्याला पाण्याची खोली व उथळ जागा यांची माहिती हवी, आणि ज्योतिष, म्हणजे ताऱ्यांवरून दिशा काढण्याची विद्या हवी, जहाज मुक्कामास पोंचविणें हें त्याचें काम. तिसरा 'तांडेल', खलाशांचा मुख्य. त्यांच्याखेरीज भांडाराची व्यवस्था ठेवणारा भंडारी, हिशेब लिहिणारा कराणी, सुकाणू धरणारा, डोलकाठीवर चढून टेहळणी करणारा आणि जहाजांत शिरलेलें पाणी उपसणारा, असे पुष्कळ लोक सांगितले आहेत.

या नांवांतील प्रत्येकाची जात निराळी आहे, आणि प्रत्येकांतून मुख्यत्वाची एक निराळी कल्पना व्यक्त होते. मुअल्लिम हा अरबी शब्द. त्याचा अर्थ शिकविणारा, गुरु. कच्छ-काठेवाडकडे त्याचाच 'मालम' झाला. जहाजावर खरा मोठा तो, ज्याच्यापाशीं विद्या आहे, ही त्यामागची कल्पना. 'सारंग' हा फारसी 'सरहंग' यापासून आला. 'सर' म्हणजे शिर. हुकूम करणारा तो सरदार, ही त्यामागची कल्पना. तांडेल हा शब्द दक्षिणेकडचा. मलयाळम् आणि तेलुगू या भाषांत तो आहे. कोंकणांत मच्छीमार होडीच्या म्होरक्यास आजही तांडेल म्हणतात, आणि आंध्रच्या किनाऱ्यावरही तोच शब्द चालतो. म्हणजे हिमायतनगरच्या पश्चिमेस जो समुद्र आहे त्यावर तांडेल, आणि पूर्वेस जो आहे त्यावरही तांडेल. मधल्या पठारावर मात्र तो कोणाला माहीत नसावा, ही मौजेची गोष्ट आहे.

या परदेशी व दक्षिणी शब्दांपूर्वीं आपल्याकडे शब्द नव्हते असें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नावध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण असून, मोठ्या नौकांवर शासक, नियामक, दोर व विळे धरणारा आणि पाणी उपसणारा असे लोक असावे असें सांगितलें आहे. बौद्ध वाङ्मयांत सुप्पारक नांवाच्या नियामकाची जातककथा प्रसिद्ध आहे. खाऱ्या पाण्यानें त्याचे डोळे गेले होते. तरीही भरुकच्छ, म्हणजे भडोच, येथील व्यापाऱ्यांनीं त्यालाच जहाजावर नेलें, आणि अनोळखी समुद्रांतून त्यानें सर्वांना सुखरूप परत आणलें. दृष्टि गेली तरी ज्ञान जात नाहीं, आणि जहाज ज्ञानावर चालतें, हें त्या कथेचें तात्पर्य मुअल्लिम या शब्दाच्या अर्थाशीं किती जुळतें, हें सांगावयास नको. संस्कृतांतील 'कर्णधार' हा शब्दही असाच. कर्ण म्हणजे सुकाणू, तें धरणारा तो कर्णधार. हा शब्द समुद्रावर टिकला नाहीं, पण जमिनीवर त्याचें भाग्य उजळलें. आज मराठी वर्तमानपत्रांत कर्णधार म्हटलें कीं क्रिकेटच्या संघाचा नायक डोळ्यांपुढें येतो. अरबी 'सुक्कान' यापासून आलेला 'सुकाणू' हा शब्दही सभा-समित्यांच्या भाषेंत रूढ झाला आहे.

मराठ्यांच्या आरमारांतही शब्दांची अशीच सरमिसळ दिसते. आरमार हा शब्दच पोर्तुगीज 'आर्मादा' यावरून आला. शिवछत्रपतींच्या आरमारांत दर्यासारंग हें नांव आहे, दौलतखान आहे, आणि १६७९ सालीं खांदेरीच्या झुंजींत पराक्रम गाजविणारा मायनाक भंडारी आहे. १७२९ सालीं निवर्तलेल्या कान्होजी आंग्रे यांची पदवी 'सरखेल'. यांतील 'खेल' मूळ अरबी 'खैल', म्हणजे घोडे, आणि त्यावरून घोडदळाची टोळी. घोड्यांच्या तुकडीच्या नायकाची पदवी समुद्राच्या धन्याला मिळाली, हें घाटावरच्या राज्यानें दर्यावर पाऊल टाकल्याचें चिन्ह होय. इ. स. १७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमाराचें प्रकरण आहे. त्यांत आरमाराचा तनखा मुलुखांतून नेमून द्यावा, समुद्रावरील पैदास्तीवर लोकांची भिस्त ठेवूं नये, कारण त्यायोगें सावकारांस उपद्रव होतो, असा उपदेश आहे. अधिकार दिला म्हणजे त्याच्या पोटाची व्यवस्थाही सरकारानें केली पाहिजे, नाहीं तर रक्षकच लुटारू होतो, हें तत्त्व अमात्यांनीं तेव्हां ओळखलें होतें.

आगबोटी आल्यानंतर या शब्दांच्या मानपानांत मोठा फेर पडला. 'कप्तान' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर व इंग्रजांबरोबर आला. त्याचें मूळ लॅटिन 'कापुत', म्हणजे शिर. सरहंग आणि कप्तान या दोहोंच्या मुळाशीं शिरच आहे. परंतु इतिहासानें दोघांना निरनिराळ्या आसनांवर बसविलें. इंग्रजी कंपन्यांच्या आगबोटींवर कप्तान गोरा असे, आणि सारंग हिंदी. रत्नागिरीकडील कितीतरी खलाशी या बोटींवर गेले. त्यांच्यांतला कर्तबगार माणूस चढून चढून सारंग होई, आणि तेथें त्याची पायरी संपे. इराणांत आजही सरहंग म्हणजे कर्नलच्या दर्जाचा लष्करी अधिकारी. मुंबईच्या धक्क्यावर मात्र तो खलाशांचा मुकादम झाला. शब्दाचा दर्जा उतरला तो शब्दाच्या दोषामुळें नव्हे; ज्या लोकांच्या तोंडीं तो होता त्यांचा दर्जा परसत्तेनें उतरविला म्हणून.

ती पायरी ओलांडण्यासाठीं फार खटपट करावी लागली. ५ एप्रिल १९१९ रोजीं सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. त्या कंपनीच्या संस्थापकांत वालचंद हिराचंद हे प्रमुख होते, आणि त्या घटनेच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळतात. पण बोट देशी असली तरी ती चालविण्याचें शिक्षण हिंदी तरुणांना कोठें मिळणार? १९२७ सालीं मुंबईस 'डफरिन' या शिक्षणनौकेवर हिंदी तरुणांना व्यापारी जहाजांवरील अधिकाऱ्याचें शिक्षण देण्यास आरंभ झाला, आणि तेथून पुढें कप्तान या शब्दाला हिंदी चेहरा लाभला. शेंकडों वर्षें ज्या किनाऱ्यावर नाखुदा, मालम आणि तांडेल वावरले, त्या किनाऱ्यावरील मुलाला जहाजाचा मुख्य होण्याची परवानगी नव्यानें मिळवावी लागली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

नाखुदा या पदाला दुसऱ्या एका दिशेस मात्र पूर्वींचाच मान राहिला. मलाया व इंडोनेशियाच्या बाजूस 'नाखोदा' हा जहाजाच्या कप्तानाचा शब्द अजून चालतो. इराणी आखातांतील गलबतांच्या इतिहासांतही त्याचें नांव मोठें आहे. आणि कलकत्त्याची 'नाखुदा मशीद' तर प्रसिद्धच आहे. मलाक्का येथें पंधराव्या शतकाच्या सुमारास समुद्रावरील कायद्यांची एक संहिता तयार झाली. समुद्रावर नाखोदा हा राजाप्रमाणें आहे, असें त्या संहितेंत म्हटलें आहे. हें वाचून कोणास वाटेल कीं, खुदा या शब्दाचा गर्वच येथें बोलतो आहे. परंतु त्याच संहितेंत पुढें असाही नियम आहे कीं, वादळांत जहाज हलकें करण्यासाठीं माल समुद्रांत टाकावयाची वेळ आली, तर नाखोदानें सर्वांना एकत्र बोलावून विचारविनिमय करावा; ज्याचा माल अधिक त्यानें अधिक, ज्याचा थोडा त्यानें थोडा, या प्रमाणांत टाकावा. असें न करतां त्यानें मनास येईल त्याचा माल फेंकला, तर दोष नाखोदाच्या माथीं. ज्या क्षणीं एकट्याच्या हुकुमावांचून गत्यंतर नाहीं असें वाटतें, नेमक्या त्याच क्षणीं त्यानें इतरांना विचारलें पाहिजे, हा तो नियम. नाखुदा या शब्दाचा खरा अर्थ कोणत्याही कोशापेक्षां या एका कलमांत अधिक स्पष्ट झाला आहे. मालकी आहे, सत्ता आहे. पण जहाजांत बसलेल्या शेवटच्या माणसाच्या गांठोड्याचाही हिशेब त्या सत्तेला द्यावा लागतो.

आतां पुन्हां देशावर यावयाचें. इ. स. १४५३ च्या सुमारास महमूद गावान नांवाचा इराणी गृहस्थ दाभोळ बंदरांत उतरला आणि बिदरास जाऊन पुढें बहामनी राज्याचा वजीर झाला. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलास उतरला आणि जुन्नरवरून बिदरास गेला. बिदर हें आजच्या नांदेड-लातूर जिल्ह्यांच्या अगदीं शेजारीं. पुढें कुतुबशाहींत पूर्वेकडील मच्छलीपट्टण बंदरांतून इराणी लोक गोवळकोंड्यास येऊं लागले. ज्या जहाजांतून हे विद्वान, व्यापारी आणि शिपाई उतरले त्या जहाजांवर नाखुदा होतेच. त्यांनीं किनाऱ्यावरील कोळ्या-खलाशांना आपला शब्द दिला, तो नाखवा झाला. त्यांच्या उतारूंनीं जी फारसी भाषा दरबारीं नेली, तिच्यांतून तोच शब्द लेखणीच्या वाटेनें मराठवाड्यांत पोंचला, तो नाखुदा राहिला. नाखवा आणि नाखुदा हे एकाच गलबतांतून उतरलेले दोघे भाऊ होत. एक बंदरांतच राहून कामाला लागला, दुसरा घाट चढून दरबारांत गेला.

हिमायतनगरजवळून वाहणाऱ्या पैनगंगेचें पाणी वर्धा नदीस मिळतें, तेथून प्राणहितेच्या व गोदावरीच्या मार्गानें पूर्वसमुद्रास जातें. समुद्रापासून पांचशें किलोमीटर दूर असलेल्या गांवाचाही समुद्राशीं असा संबंध असतो. मराठी घरांतील मुलांनीं नाखवा हा शब्द केवळ गाण्यांतला म्हणून सोडून देऊं नये, आणि उर्दू शिकणाऱ्या मुलांनीं नाखुदा हा केवळ काव्यांतला म्हणून मानूं नये. हे दोन शब्द एकमेकांशेजारीं ठेवून पाहिले, म्हणजे पूर्वजांनीं कोणाकोणाबरोबर एकाच नावेंत बसून प्रवास केला याची आठवण राहते. आणि ज्याच्या हातीं नाव आहे त्यानें तिच्यांतील सर्वांचा विचार घेऊनच ती हांकावी, हा त्या शब्दांमागील जुना व्यवहारही ध्यानांत राहतो.